रातांब्याचे झाड आणि आमसुलाचे पोते

धान्याच्या पेढीवर आमसूल हा जोडीचा माल होय. परंतु बेळगावसारख्या घाटमाथ्यावरील पेठेत तो ठेवल्यावाचून चालत नाही. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याचा, आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीकडील, आणि शिरसीच्या बाजूने कारवार जिल्ह्याचा माल वर येतो. यांतील कोणतेही पोते सोडून पाहावे. जाड, मऊ, काळसर जांभळी सोले आणि कागदासारखी पातळ, फिकट सोले एकत्रच हातास लागतात. आपण व्यापारी हा सारा दोष वाळवणीचा समजतो. तो समज अर्धाच खरा आहे. उरलेला भेद झाडाच्या ठिकाणी असतो, आणि त्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

रातांबा हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील मूळचा वृक्ष. गोव्यात यास भिरंड म्हणतात, कानडी मुलखात मुरुगलु. मलायातील प्रसिद्ध मँगोस्टीन हे फळ याच्याच कुळातील आहे. या झाडात नर व मादी बहुधा निरनिराळी असतात. बी पेरले तर निम्म्याच्या आसपास रोपे नर निघतात, आणि कोणते रोप कोणते हे सहा-सात वर्षांनी पहिला फुलोरा येईपर्यंत कळत नाही. बियांपासून वाढलेले झाड हुबेहूब आईसारखे निपजत नाही, हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच एकाच वाडीत एका झाडाचे फळ लिंबाएवढे, तर दुसऱ्याचे त्याच्या दुप्पट. एकाची साल जाड, दुसऱ्याचे नुसते बीच मोठे. एक अतिशय आंबट, एक खाण्याजोगे गोडसर. शिरसीकडे तर पिवळ्या फळांची झाडेही आहेत.

आता उत्तम फळ कोणते? याचे उत्तर माल काय करावयाचा यावर अवलंबून आहे. आमसूल म्हणजे सालच. तेव्हा त्यास जाड सालीचे व गडद रंगाचे फळ हवे. साल उन्हात वाळवून, गराच्या खारवलेल्या रसात पुनःपुन्हा बुडवून परत वाळवितात. पातळ सालीवर ही मेहनत केली तरी वजन भरत नाही, आणि मग ते मिठाने भरून काढण्याचा मोह होतो. सरबत व आगळ यांस रसाळ, लाल फळ चांगले. बियांतून निघणारे तेल थंड झाल्यावर तुपासारखे घट्ट होते. भेगाळलेल्या टाचांस ते लावण्याची चाल जुनी आहे. त्याच्यासाठी मोठ्या बियांचे झाडही वाईट नव्हे. म्हणजे ज्यास आमसूलवाला टाकाऊ म्हणतो, ते तेलवाल्यास हवेसे असू शकते.

आमच्या मते मात्र या सर्वांहून मोठा गुण फळ लवकर पिकण्याचा. एप्रिल-मे हा याचा हंगाम. पुष्कळ झाडांची फळे पिकता पिकता पाऊस येऊन ठेपतो, आणि एकदा पाऊस आला की वाळवण संपले, बुरशी सुरू झाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही जात प्रसारित केली, ती पावसाच्या आधी पिकते हा तिचा मुख्य लाभ. अशा झाडाची कलमे बांधली म्हणजे नर-मादीचा प्रश्न सुटतो व फळ एकसारखे मिळते. कलमाची काडी सरळ वाढणाऱ्या फांदीची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतल्यास झाड झुडपासारखे पसरत जाते.

कलमे अवश्य लावावीत. परंतु सगळीकडे एकाच झाडाची कलमे झाली, तर पुढील निवड कशातून करणार? उद्या कोणास अधिक रंगाचे किंवा अधिक सोसणारे झाड हवे झाले, तर ते बांधावरच्या जुन्या रानटी झाडांतूनच शोधावे लागेल. तीच झाडे आज तुटत आहेत. नर झाड फळ देत नाही म्हणून आधी जाते. वास्तविक परागासाठी काही नर राखावेच लागतात. नंतर उत्तम मादीही जाते, कारण तिच्या मालास शेजारच्या हलक्या झाडाइतकाच भाव मिळतो.

भाव कोण ठरवितो? आपणच. ज्वारीत मालदांडी वेगळी ओळखून आपण दोन पैसे अधिक मोजतो. आमसुलात 'कोकणी माल' एवढेच विचारतो. उलट केवळ भाव वाढून भागत नाही, हे उप्पग्याने दाखविले आहे. रातांब्याचाच हा भाऊबंद. त्याच्या सालीतील आम्लास वजन उतरविण्याच्या औषधांसाठी परदेशातून १९९० च्या सुमारास मागणी आली. कारवार जिल्ह्याच्या रानांत कच्ची फळे उतरविली गेली, कोठे कोठे फांद्या छाटल्या गेल्या, आणि साल धुरावर वाळविण्यास सरपण अमाप जळले. पुढे भाव कोसळला. तेथे पैसा वजनास मिळत होता, गुणास नव्हे.

आम्ही दोन हंगामांपासून एवढेच करतो : वाडीवाल्यास जाड सालीचा व लवकरचा माल निराळा बांधावयास सांगतो, पोत्यावर वाडीचे नाव लिहून घेतो, आणि किलोमागे थोडा अधिक भाव देतो. पाहणीसाठी मूठभर सोले कोमट पाण्यात टाकतो. रंग सावकाश उतरला व तळाशी मीठ फारसे बसले नाही, तर माल घ्यावा. पहिल्या वर्षी अशी तीन पोती आली, गेल्या वर्षी अकरा. त्यांतील एका वाडीवाल्याने तोडण्यास काढलेली दोन झाडे तूर्त ठेविली आहेत.