अण्णांची काठी आणि हवेतले कायदे

हौगांगमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे रस्त्यांना नावं कमी आणि आकडे जास्त. अव्हेन्यू किंवा स्ट्रीट, आणि पुढे नुसता नंबर. ब्लॉकही सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. गेल्या वर्षी आमचे अण्णा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले. वय एक्क्याऐंशी, प्रकृती ठणठणीत, पण अलीकडे विसराळूपणा वाढलेला. एके सकाळी काठी घेऊन फिरायला म्हणून जे गेले, ते साडेदहा वाजले तरी परत नाहीत. फोन टेबलावरच. आमच्या सौ. एका दिशेला आणि आम्ही दुसऱ्या दिशेला अशी शोधाशोध सुरू झाली. तीन तासांनी सापडले ते चार ब्लॉक पलीकडच्या व्हॉइड डेकवर, एका चिनी अंकलचा बुद्धिबळाचा डाव बघत बसलेले.

"अरे, लिफ्ट तीच, मजलाही तोच, पण दार उघडलं तर आत दुसरीच माणसं!" एवढंच म्हणाले.

नंतर आम्ही हसलो. पण त्या तीन तासांत तोंडचे पाणी पळाले होते. आईवडिलांना इथे आणणाऱ्या पुष्कळ घरांनी हा अनुभव थोड्याफार फरकाने घेतला असेल.

आम्ही पेशाने इलेक्ट्रॉनिक्सवाले. डेफूच्या औद्योगिक वसाहतीत दोन मित्रांबरोबर आमचे छोटे वर्कशॉप आहे. अण्णा फोन विसरतात, पाकीट विसरतात, पण काठी कधीच विसरत नाहीत. तेव्हा काठीतच ठावठिकाणा सांगणारा टॅग बसवायचा असे ठरले. जमले तर ओळखीच्या इतर आजीआजोबांसाठीही अशा काठ्या करायच्या होत्या. तयार रेडिओ मॉड्यूल बाजारात मिळते. पोस्टाच्या तिकिटाएवढा बोर्ड, त्यावर ब्लूटूथची चिप आणि कडेला तांब्याची नागमोडी रेघ, तीच त्याची अँटेना. सोबत चाचण्यांचा दाखलाही असतो. आम्हाला वाटले, आठवड्याचे काम. लागले आठ महिने.

हा टॅग काम कसे करतो ते आधी सांगतो, कारण पुष्कळांचा इथे गैरसमज असतो. एअरटॅगसारख्या छोट्या टॅगमध्ये जीपीएस नसते. आपण कुठे आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसते. तो फक्त ठराविक वेळाने "मी अमुक, मी अमुक" असे ब्लूटूथवर पुकारत राहतो. जवळून जाणाऱ्या कुणाचा तरी फोन ते ऐकतो आणि स्वतःचे ठिकाण जोडून ती बातमी पुढे कळवतो. अण्णांना हे समजावले तर म्हणाले, "म्हणजे गुराच्या गळ्यातली घंटाच की! घंटेला काय ठाऊक रान कुठलं? ऐकणाऱ्याला कळतं." आमच्या एम.एस.च्या प्राध्यापकांनाही इतके सोपे करून सांगता आले नसते. म्हणूनच हौगांगसारख्या गजबजलेल्या वस्तीत टॅग चांगला चालतो, आणि जिथे माणूसच नाही तिथे मुका होतो.

पहिली काठी केली आणि तोंडघशी पडलो. काठी ॲल्युमिनियमच्या नळीची, मॉड्यूल नळीच्या आत. धातूच्या बंद नळीतून रेडिओलहरी बाहेर पडणार कशा? खोलीच्या दारापर्यंतसुद्धा आवाज पोचेना. मग अभियंत्यांची नेहमीची हाव सुटली. नळीबाहेर मोठी अँटेना लावली, मध्ये एक ॲम्प्लिफायर घातला. घंटा अशी घणघणली की दोन ब्लॉक पलीकडे ऐकू येऊ लागली. आम्ही खूश!

ती खुशी टेस्ट लॅबमध्ये उतरली. तिथे एक चेंबर असते. भिंतींना, छताला फोमचे निळे सुळके, बाहेरचा रेडिओ आत नाही आणि आतला भिंतीवरून परत नाही. मध्ये गोल फिरणाऱ्या टेबलावर आमची काठी उभी केली. पडद्यावर २.४ गिगाहर्ट्झला उंच सुळका दिसला, तो अपेक्षितच होता. पण दुप्पट अंतरावर, ४.८ गिगाहर्ट्झलाही एक सुळका, मर्यादेच्या रेषेच्या वर! ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे ताणले की तो असे भलतेच सूर काढतो. आम्ही मॉड्यूलचा दाखला पुढे केला. लॅबमधली मुलगी शांतपणे म्हणाली, "अंकल, हा दाखला त्या मॉड्यूलचा, त्याच्या स्वतःच्या अँटेनासकट. तुम्ही अँटेना बदललीत, पॉवर वाढवलीत. आता ही वेगळी वस्तू आहे."

सांगायचा मुद्दा असा, की पास झालेले मॉड्यूल घातले म्हणून वस्तू आपोआप पास होत नाही. अमेरिकेतही मॉड्यूलची मंजुरी अटींसकट असते, आणि ज्या प्रकारच्या अँटेनाबरोबर ते तपासले त्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा कमी ताकदीची अँटेना लावावी लागते.

हे सोपस्कार कशाला, असे आम्हालाही आधी वाटायचे. पण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे गावची सामाईक विहीर आहे. वायफाय, ब्लूटूथ, बिनवायरी माऊस, सगळे तिथेच पाणी भरतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा तिथेच खडखडतो. परवाना न काढता वापरायची मुभा आहे ती हळू बोलण्याच्या अटीवर. युरोपात तिथे साधारण १०० मिलिवॅटची मर्यादा आहे. प्रत्येकाने आपली घंटा मोठी केली तर शेवटी कुणाचीच ऐकू येणार नाही. आणि ज्याची ऐकू येणार नाही, तो कदाचित दुसऱ्या कुणाचा हरवलेला बाप असेल.

अशा टॅगांशी आपला परिचय जुना आहे. सिंगापूरच्या सार्वजनिक वाचनालयांनी १९९८ पासून पुस्तकांत रेडिओ टॅग घातले. गाडीतून रस्त्याचा कर कापणारी ईआरपीची डबीही त्याच वर्षीची. भारतात टोलनाक्यावरचा फास्टॅग तर आता गाडीगाडीच्या काचेवर दिसतो. पण फास्टॅगच्या जातीच्या टॅगांना देशोदेशी वेगळा पट्टा आहे. भारतात २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. सिंगापूरला ८६६ ते ८६९ आणि ९२० ते ९२५, अमेरिकेत ९०२ ते ९२८. ब्लूटूथचा पट्टा त्या मानाने जगभर जवळपास एकच, म्हणून आम्ही तो निवडला.

पट्टा एक असला तरी कागद मात्र एक नसतो. सिंगापूरला विकायचे तर विकणाऱ्याकडे आयएमडीएचा डीलर परवाना लागतो, उपकरणाची नोंद करावी लागते आणि वस्तूवर तसे लेबल लागते. भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मंजुरी लागते. आम्ही उत्साहाच्या भरात अण्णांच्या मित्रांसाठी पाच काठ्या सांगलीला कुरियरने धाडल्या, ईटीएशिवाय. पार्सल वाटेत अडकले आणि महिन्याभराने परत आले. चूक सर्वस्वी आमची. "काठीच तर आहे" असे म्हणून चालत नाही. आत रेडिओ आहे म्हटल्यावर ती काठी राहत नाही.

शेवटी ॲम्प्लिफायर काढला. मोठी अँटेना काढली. काठीची मूठ प्लॅस्टिकची केली आणि मॉड्यूल तिच्या वरच्या टोकाला, स्वतःच्या मूळ अँटेनासकट, धातूपासून दूर बसवले. हाताच्या तळव्यात पाणीच पाणी, तेही लहरी शोषते, म्हणून बोटांची पकड जिथे येत नाही अशी जागा शोधायला अण्णांनाच दिवसभर काठी धरून बसवले. चेंबरमध्ये दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पडद्यावर एकच सुळका होता. आवाज पहिल्यापेक्षा लहान, पण स्वच्छ. नोंद झाली, मुठीखाली लेबल लागले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चेंबरमध्ये मोजत नाहीत. अण्णांना न सांगता टॅग बसवावा असे घरातल्या एकाचे मत होते, "उगाच त्यांना वाईट वाटेल." आम्ही ते मानले नाही. चोरून कुणाच्या मागे टॅग लावणे हा जगभरचा प्रश्न झाला आहे, आणि २०२४ च्या मे महिन्यात ॲपल आणि गूगलने मिळून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा फोनवर देण्याची सोय आणली. परक्या माणसाला जो इशारा मिळतो, तो आपल्या वडिलांना आपल्या तोंडून मिळू नये?

अण्णांना सगळे सांगितले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घंटा बांधलीस ते ठीक. पण घंटा वाजली की येणारा माणूस असला पाहिजे रे."

तेव्हापासून सकाळी निम्म्या वेळा आम्हीच त्यांच्याबरोबर फिरायला जातो.