आयईएलटीएसचा क्लास काढायचाय? आधी निबंध तपासायचा हिशोब मांडा



मागच्या वर्कशॉपनंतर एक ताई भेटायला थांबल्या. बारा वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलेलं, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. म्हणाल्या, "सर, आमच्या तालुक्यातली मुलं परदेशी शिकायला जातात. आयईएलटीएसच्या क्लाससाठी पुण्याला जाऊन राहतात. मी इथेच क्लास काढला तर? तीस मुलांची बॅच, आठ हजार फी. दोन लाख चाळीस हजार झाले की!"

गुणाकार बरोबर होता. मी एवढंच विचारलं, "ताई, तीस मुलांचे निबंध कोण तपासणार?"

ताई गप्प झाल्या. आजचा लेख त्या प्रश्नावरच आहे.

आधी परीक्षा समजून घ्या

परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांना सहसा आयईएलटीएस ॲकॅडमिक लागते. चार भाग असतात. लिसनिंग साधारण ३० मिनिटांचं, ४० प्रश्न. रीडिंग ६० मिनिटांचं, तीन उतारे, ४० प्रश्न. रायटिंग ६० मिनिटांचं, त्यात दोन टास्क. पहिल्यात आलेख, तक्ता किंवा आकृती बघून किमान १५० शब्द लिहायचे, दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट. आणि स्पीकिंग म्हणजे परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटं बोलणं.

प्रत्येक भागाला ० ते ९ पैकी बँड मिळतो. चारांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणजे ६.२५ आलं की ६.५ होतं.

आता हे उदाहरण बघा. एका मुलाला लिसनिंग ६.५, रीडिंग ६.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ५ मिळालं. सरासरी ६.२५, म्हणजे एकूण ६.५. घरी पेढे वाटले! पण बऱ्याच कोर्सेसची अट असते, 'एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको.' रायटिंगच्या ५ वर गाडी अडली. परत परीक्षा द्यायची तर परत हजारो रुपये फी. त्यात प्रवेशाची तारीख निघून गेली तर पुढच्या प्रवेशापर्यंत थांबायचं. ज्या बापाने कर्जाची फाईल बँकेत दिलीय, त्याला विचारा या एका बँडची किंमत.

मुलं नक्की कशासाठी पैसे देतात?

लिसनिंग आणि रीडिंगचा सराव मूल घरी बसून करू शकतं. अधिकृत वेबसाइटवर नमुना प्रश्न फुकट आहेत, उत्तरं स्वतः ताडून बघता येतात. पण आपलाच निबंध कुठे घसरतोय, हे आपल्याला दिसत नाही. आपण बोलताना कुठे अडखळतो, तेही कळत नाही.

आपल्या मराठी मुलांच्या चुका तर ठरलेल्या आहेत. 'मी दहा वर्षांपासून सांगलीत राहतो' हे डोक्यात असतं, म्हणून तोंडून येतं 'आय ॲम लिव्हिंग इन सांगली फ्रॉम टेन इयर्स'. 'मला दोन भाऊ आहेत'चं होतं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून निबंधात ते कुठेही पडतात किंवा गायबच होतात. ही चूक मराठीतून कशी आली हे मराठी शिक्षक पटकन सांगू शकतो. तुमचा माल हाच आहे: तपासणी. झेरॉक्स नोट्स हा माल नाही. आणि प्रकाशकांची पुस्तकं झेरॉक्स करून विकणं तर सरळ कॉपीराइटचा भंग आहे.

आता खरा हिशोब

तपासणीला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे खर्च. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

आठ मुलांची बॅच, मुदत सहा आठवडे:
- शिकवणं: आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास = साडेसात तास
- निबंध: प्रत्येकाचे दोन, प्रत्येकी २० मिनिटं = ५ तास २० मिनिटं
- स्पीकिंग: प्रत्येकी अर्धा तास = ४ तास

आठवड्याला साधारण १७ तास, सहा आठवड्यांत १०० तास. फी ६४ हजार जमली, भाडं, वीज, जाहिरात मिळून १४ हजार गेले, उरले ५० हजार. म्हणजे ताशी ५०० रुपये.

तीस मुलं घेतली तर? निबंधांनाच २० तास, स्पीकिंगला १५. शिकवणं धरून आठवड्याला साडेबेचाळीस तास. त्यावर चौकशीचे फोन आणि तुमचा स्वतःचा अभ्यास वेगळा. अशा वेळी पहिली काट कशाला लागते? तपासणीला. म्हणजे ज्यासाठी मुलाने फी दिली, तेच बंद!

म्हणून सुरुवात आठपासून करा. मुलं वाढली तर आधी तपासणीला जोडीदार शोधा, मग दुसरी बॅच काढा.

बोर्डावर काय लिहायचं नाही

'७ बँडची गॅरंटी' लिहू नका. बँड परीक्षक देतो, तुम्ही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात गुणांची हमी देण्याला मनाई आहे. 'माझा क्लास छोटा आहे' म्हणून सुटका नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सगळ्यांनाच आहे. त्याऐवजी जे देऊ शकता ते लिहा: 'सहा आठवड्यांत १२ निबंध तपासून मिळतील.' हे वचन पाळता येतं.

एकाच देशावर दुकान चालवू नका

कॅनडाने स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम ही जलद व्हिसाची योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला अचानक बंद केली. आपला धंदा असा परक्या सरकारच्या निर्णयावर हलतो. म्हणून बाजूला स्पोकन इंग्लिश आणि इंटरव्ह्यूची तयारी ठेवा. खोली तीच, शिक्षक तोच.

या आठवड्यात करायची तीन कामं

१. घड्याळ लावून स्वतः एक पूर्ण नमुना पेपर सोडवा.
२. ओळखीच्या दोन मुलांचे निबंध फुकट तपासा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.
३. ती मिनिटं वरच्या हिशोबात घाला, मगच फी ठरवा.

परवा ताईंचा फोन आला होता. सहा मुलांपासून सुरुवात करतायत. पण त्याआधी स्वतःच परीक्षेचा फॉर्म भरलाय. म्हणाल्या, "सर, बारा वर्षं पेपर तपासले, आता जरा तपासून घेते."

तुमचा हिशोब काय निघाला, कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!