परदेशात बिल तिथल्याच चलनात द्या

पॅरिसच्या हॉटेलात किंवा दुबईच्या दुकानात क्रेडिट कार्डाने पैसे देताना यंत्रावर कधीकधी दोन आकडे दिसतात: एक तिथल्या चलनात, दुसरा रुपयांत. रुपया ओळखीचा, म्हणून आपण तोच निवडतो आणि तिथेच फसतो. रुपयांतला तो आकडा आपली बँक ठरवत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डही ठरवत नाहीत. दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी आपला नफा धरून तो दर लावते. या नफ्यात बऱ्याचदा दुकानदाराचाही वाटा असतो, त्यामुळे काउंटरवरून रुपयांचा आग्रह होतो.

हिशोब करून पाहू. समजा बिल १०० युरोंचे आहे आणि युरोचा दर १०० रुपये. युरोंत पैसे दिले तर मूळ रक्कम १०,००० रुपये. अनेक भारतीय कार्डांवर परकीय चलनाचे शुल्क ३.५ टक्के असते, म्हणजे ३५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये धरून एकूण १०,४१३. आता रुपये निवडले आणि यंत्राने ६ टक्के चढा दर लावला, तर १०,६०० रुपये तिथेच गेले. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत केलेल्या व्यवहारावर आपल्याकडच्या कित्येक बँका वेगळे शुल्क घेतात. परकीय चलनाचे शुल्क माफ असलेले कार्ड जवळ असेल, तर रुपये निवडताच ती सवलतही हातची जाते.

यावर कोणी म्हणेल, रुपयांत निदान नक्की रक्कम तरी कळते. खरे आहे. पण एरवी दोन-तीन दिवसांत दर जेवढा हलतो, त्याहून या खात्रीची किंमत बहुधा जास्त असते. मग रोख किंवा फॉरेक्स कार्डच का नको? खर्चाला मर्यादा घालायला फॉरेक्स कार्ड उत्तम, आणि किरकोळ खर्चाला थोडी रोख हवीच. मात्र हॉटेलची किंवा भाड्याच्या गाडीची अनामत रक्कम अडकवून ठेवण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच मागतात. एटीएममधून पैसे काढायला मात्र ते वापरू नये, कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठीच सुरू असते. म्हणून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करा, मर्यादा ठरवा आणि शुल्काचा तक्ता वाचा. चलन निवडण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. दुकानदाराने परस्पर रुपये निवडले, तर पिन टाकण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगा.