आजाऱ्याच्या घरची सावड



रोप लावणीचे दिवस होते. आमच्या धर्मग्रामातल्या एका मावशींना कर्करोग झाल्याचे कळले, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओटीवर आधीच सात-आठ माणसे बसली होती. एकाने झाडपाल्याचे औषध सुचविले, दुसऱ्याने आपल्या मेहुण्याच्या आजाराची सारी हकिकत सांगितली, तिसरीने डोळ्याला पदर लावला. आम्हीही मागे राहिलो नाही. "मावशी, धीर धरा, सगळे ठीक होईल," असे म्हणून आणि एक प्रार्थना करून उठलो. मावशी दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, सगळे येतात, बोलतात आणि जातात. शुक्रवारी मला इस्पितळात जायचे आहे. त्या दिवशी म्हशीला पाणी कोण दाखवील, हे मात्र कोणी विचारत नाही."

मुलगा आखातात, सून त्याच्याबरोबर, नवरा गुडघ्यांनी अधू. हे सारे आम्हाला ठाऊक होते. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. पण ज्याचे जळत नाही त्याने निदान विचारावे तरी! आम्ही विचारले नव्हते.

तेव्हापासून आजाऱ्याला भेटावे कसे आणि मदत करावी कशी, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. त्यात एक चांगला धडा मिळाला तो दूरच्या स्पेन देशातून. परमुलखात येऊन राहिलेल्या माणसांनी तेथे कर्करोग्यांसाठी एक काम उभे केले आहे. आमच्या मावशींची अडचण आणि त्या माणसांची अडचण एकाच जातीची आहे, म्हणून ते येथे सांगतो.

परमुलखातले दुखणे

स्पेनच्या दक्षिणेस मालागा शहराच्या आजूबाजूचा समुद्रकाठ 'कोस्टा देल सोल', म्हणजे सूर्याचा किनारा, या नावाने ओळखला जातो. एके काळी येथे कोळ्यांची गावे होती. मागच्या डोंगरउतारांवर ऑलिव्ह आणि बदामाची झाडे. मालागाच्या पूर्वेला आता आंबा आणि ॲव्होकाडोच्या बागाही आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर प्रवासी येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग ब्रिटन, जर्मनी इत्यादी थंड देशांतली निवृत्त माणसे उन्हासाठी येथे कायमची राहायला आली.

अंगात बळ आहे तोवर परदेशातले दिवस सुखाचे जातात. बाजारहाटापुरते पन्नास शब्द आले की भागते. पण आजार आला की तेच पन्नास शब्द अपुरे पडतात. डॉक्टर विचारतात, कसे दुखते? आपल्या मराठीत ठणकते, चमकते, टोचते, कळा येतात, आग होते, असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. डॉक्टरला त्यातून रोगाची खूण मिळते. परक्या भाषेत मात्र माणूस "दुखते" एवढेच म्हणू शकतो. मुलेबाळे हजार मैलांवर, शेजाऱ्याशी बोलणे नमस्कारापुरते, घरात दोघेच म्हातारे. त्यातला एक आजारी पडला की दुसरा अर्धा आजारी होतो.

सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपला माणूस बंगळूरच्या मोठ्या इस्पितळात जातो, तेव्हा कन्नड कळत नाही आणि इंग्रजी येत नाही म्हणून तोही मान डोलावून परत येतो. आखातात आणि इंग्लंडात असलेल्या आपल्या मुलामुलींवरही उद्या हीच वेळ येऊ शकते.

एका विधवेने काय केले

या किनाऱ्यावर जोन हंट नावाची एक ब्रिटिश बाई राहत होती. तिचे पती फ्रेड कर्करोगाने वारले. त्या आजारात जे सोसावे लागले ते दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून तिने १९९२ साली 'कुदेका' ही संस्था स्थापन केली. स्पॅनिश भाषेतल्या 'कर्करोगातील शुश्रूषा' या शब्दांवरून हे नाव बनले आहे. संस्थेची खूण सूर्यफुलाची.

रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी माणसाची वेदना कमी करता येते, त्याचे उरलेले दिवस माणसासारखे जातील असे पाहता येते, या विचारावर हे काम उभे आहे. १९६७ साली सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून हा विचार जगभर रुजला. कुदेकाचे डॉक्टर आणि परिचारिका रोग्यांच्या घरी जातात, आणि बेनालमादेना या गावी संस्थेचे स्वतःचे शुश्रूषागृहही आहे. रोग्याकडून पैसे घेत नाहीत. परक्या मुलखात आलेल्या बाईच्या दुःखातून निघालेले हे काम आज स्पॅनिश आणि परदेशी अशा दोघांच्याही उपयोगी पडते. पाहुणी म्हणून आलेली बाई यजमानांच्या घरी विहीर खणून गेली, असेच म्हणावे लागेल.

स्वयंसेवकाचा आठवडा

डॉक्टर पगारी असतात. पण संस्थेचा गाडा शेकडो स्वयंसेवक ओढतात. त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ. संस्थेची जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. लोक कपडे, पुस्तके, भांडी दान देतात. स्वयंसेवक ती निवडतात, मांडतात, विकतात आणि त्या पैशातून शुश्रूषेचा खर्च निघण्यास मदत होते. कोणी रोग्याला गाडीतून आणतो-पोचवतो, कोणी बाग राखतो, कोणी दुभाष्या होतो.

यात मोठे शौर्य कोठे दिसत नाही. मंगळवारी सकाळी दुकान उघडायचे म्हणजे उघडायचे, एवढीच प्रतिज्ञा. पण आजाऱ्याला आधार वाटतो तो याच नेमाचा. "काही लागले तर सांगा" असे म्हणणारे शंभर असतात. "मंगळवारी दहा वाजता येतो" असे म्हणून खरोखर येणारा एखादाच. मागायला माणसाला लाज वाटते. आलेल्या माणसाला दार उघडायला वाटत नाही.

रोग्याजवळ बसणाऱ्यांना जगभर अशा संस्थांत आधी शिकवण देतात. तिचे नियम आम्ही वाचले, तेव्हा त्या दिवशीची आमची भेट आठवून आम्हाला संकोच वाटला. ऐकावे अधिक, बोलावे कमी. औषध सुचवू नये. ते डॉक्टरांचे काम. दुसऱ्या रोग्याची गोष्ट सांगू नये. "सगळे ठीक होईल" असे म्हणू नये, कारण ते आपल्याला ठाऊक नसते आणि आजाऱ्याला ते कळते. मग तो आपली भीती बोलेनासा होतो. घरात ऐकलेले बाहेर सांगू नये. आणि ज्याच्या घरी नुकताच मृत्यू घडला असेल त्याने रोग्यांजवळ बसण्याची घाई करू नये. आधी स्वतःचे दुःख शांत होऊ द्यावे.

स्वयंसेवकाचे ओझेही लहान नसते. ज्याच्याजवळ सहा महिने बसलो, तो एके दिवशी निघून जातो. म्हणून हे काम एकट्याने करायचे नसते. दोघे मिळून जातात, मन जड झाले की आपसांत बोलतात, थकले की सुटी घेतात.

आपल्या दाराशी

असे काम आपल्याकडे नाही असे नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. ज्यांच्या कर्करोगावर आता उपाय उरलेला नाही, अशांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होते. गोव्यात लोटली येथेही त्यांची शाखा आहे.

एक गैरसमजही दूर करू. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. "त्याचे व्यसन लागेल" या भीतीने कित्येक घरी रोग्याला विनाकारण तळमळत ठेवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनची अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २०१४ साली केंद्र सरकारने अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून हे औषध रोग्यांना मिळणे सोपे व्हावे अशी तरतूद केली आहे. मात्र औषध मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये.

मग आपण काय करावे?

दुकाने आणि शुश्रूषागृह काढण्याची ऐपत आपल्याजवळ नाही. पण आपल्याजवळ एक जुनी गोष्ट आहे, ती म्हणजे सावड. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. लावणीला आणि मळणीला आपण ती करतो. आजाऱ्याच्या घरी का करू नये?

ज्या घरी मोठे दुखणे असेल, तेथे आठवड्याला दोन माणसांनी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: "उद्या कोणते काम अडले आहे?" जनावरांचा चारापाणी, दळण, शेताला पाणी, रेशन, काहीही असो. रोग्याची सेवा करणाऱ्या माणसाला दोन तास झोप मिळावी म्हणून कोणी जवळ बसले, तरी ते मोठे काम आहे. इस्पितळात जायच्या आदल्या रात्री डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत; कसे दुखते, केव्हा दुखते, तेही रोग्याच्याच शब्दांत लिहावे. सारी कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. भाषा येणारा कॉलेजातला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत द्यावी. आणि मुले परदेशात असतील, तर आजाऱ्याला विचारून, एकाच माणसाने ठरल्या दिवशी त्यांना मोबाईलवरून खरी हकिकत कळवावी. दहा जणांनी दहा गोष्टी सांगून त्यांचा जीव टांगणीला लावू नये.

त्या शुक्रवारी शेजारच्या दोन पोरांनी मावशींच्या म्हशीला पाणी दाखवले आणि वैरण टाकली. त्यानंतर प्रत्येक इस्पितळवारीला कोणी ना कोणी जात राहिले. मावशींचा उपचार अजून चालू आहे. पुढे काय होईल ते आम्ही सांगत नाही, आणि त्याही आता विचारत नाहीत. परवा गेलो तेव्हा, "फादर, बसा थोडे," एवढेच म्हणाल्या. आम्ही बसलो.

येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही कचेरीत वही उघडून बसणार आहोत. ज्याला आठवड्यातले दोन तास देता येतील, त्याने आपले नाव आणि वार लिहावा. मात्र जो वार लिहाल, तो पाळा.