गालातली जीभ

फर्स्ट इयरची गोष्ट. वर्कशॉपमध्ये माझ्या रूम पार्टनरने दोन आठवडे फाइल घासून फिटिंगचा जॉब केला, आणि तरी मेल-फिमेलमध्ये एवढी फट राहिली की पेन्सिल आरपार जावी! मी गंभीर चेहरा करून इंग्लिशमध्ये म्हणालो, "वंडरफुल! हा तर इस्रोला पाठवायला हवा." त्या रात्री तो मेसला आला नाही. बेलपाड्याच्या टपरीवर चहाला नेलं, तेव्हा हळूच म्हणाला, "मराठी मीडियमचा आहे म्हणून हसतोस ना?"

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. माझ्या लेखी ते 'टंग इन चीक' बोलणं होतं. शब्दशः 'गालात जीभ'. एका गालाला आतून जीभ लावून बघा, मोकळं हसता येत नाही. चेहरा गंभीर, मनात मात्र थट्टा, असा त्याचा अर्थ. पण स्मॉलेटच्या 'रॉडरिक रँडम' या १७४८च्या इंग्लिश कादंबरीत गालात जीभ घालणं ही समोरच्याला तुच्छ लेखायची खूण आहे. थट्टेचा अर्थ रुळला तो नंतर. म्हणजे पार्टनरने जुना अर्थ बरोबर पकडला होता!

मराठीतही गाल आहेच: 'गालातल्या गालात हसणे'. पण तिथे माणूस गप्प असतो. बोलायचं असेल तर आपण 'फिरकी घेतो' किंवा 'खेचतो'. गंभीर चेहऱ्याच्या थट्टेचा आपल्याकडचा झकास नमुना म्हणजे आचार्य अत्र्यांचं 'झेंडूची फुले' (१९२५). 'केशवकुमार' या नावाने त्यांनी तेव्हाच्या कवींच्या थाटात विडंबनं लिहिली. ज्याला तो थाट ठाऊक, त्यालाच हसू येतं.

माझं नेमकं इथेच चुकलं. आमची ओळख जेमतेम महिन्याची. मी गंमत करतोय हे त्याला कळणार कसं? झाली मस्करीची कुस्करी!

आता हॉस्टेलवर नवी बॅच येईल. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगबंदी कायद्यात चिडवणंसुद्धा येतं, हे लक्षात असू द्या. पण कायदा राहू दे बाजूला. आधी ओळख करा, चहा पाजा, मग खुशाल फिरकी घ्या.

परवा व्हायव्हात माझी दांडी गुल झाली. बाहेर पार्टनर उभाच होता. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "टॉपरसाहेब, पेढे कधी?"

मी गालातल्या गालात हसलो.