जुनी जीप : मूळ किती, प्रक्षिप्त किती?

साहित्याच्या वर्गात ‘प्रक्षिप्त’ हा शब्द आपण वरचेवर ऐकतो. मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी घुसडलेली ओवी किंवा श्लोक म्हणजे प्रक्षिप्त भाग. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. दोन्ही कामांच्या मुळाशी प्रश्न एकच : मूळचे कोणते आणि मागाहूनचे कोणते? हाच प्रश्न जुन्या मोटारीलाही विचारता येतो. फरक इतकाच, की इथे उत्तर चुकले तर खिशाला चांगलीच झळ लागते.

माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी गॅरेज आहे. सुट्टीत तेथे हात काळे करून मी जे थोडेफार शिकलो, ते या लेखात मांडतो. उदाहरणादाखल जीप घेतो, कारण आपल्याकडे जितकी सरमिसळ जीपमध्ये झाली तितकी क्वचितच दुसऱ्या गाडीत झाली असेल.

प्रथम तिची वंशावळ पाहू. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या तयार केल्या. एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसला पाहिजे, अशी सैन्याची अटच होती. म्हणजे अदलाबदलीची सोय जन्मापासूनच! युद्धानंतर विलीजने नागरी जीप काढली आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसली ती उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’. अमेरिकेत ती १९५३ मध्ये आली. भारतात तो नमुना पुढे कित्येक वर्षे निघत राहिला. युद्धातली जीप आणि ही जीप यांच्या पुढल्या-मागल्या चाकांमधले अंतर सारखेच, ८० इंच. त्यामुळे एकीचा सांगाडा आणि दुसरीची बॉडी यांचे लग्न लावणे मिस्त्रींना फारसे अवघड गेले नाही.

आता ओळखायचे कसे? सुरुवात तोंडापासून करावी. पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतील तर ती युद्धकालीन. सात असतील तर नागरी. युद्धातल्या जीपची पुढची काच दोन तुकड्यांची असे. तिला मागे उघडणारा फाळका नसे. मागच्या पत्र्यावर स्टेपनी असे. शिवाय तिचे स्टिअरिंग डावीकडे होते. ते उजवीकडे आणलेले असेल तर इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यावर, डाव्या बाजूस, बुजवलेली भोके बोटांना लागतात. पत्रा सहसा खोटे बोलत नाही.

नंतर वाकून चासी पाहावी. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची. उलट्या नाल्यासारखा असेल तर फोर्डची. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवले होते.

मग बॉनेट उघडावे. युद्धातल्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते, म्हणून ते बुटके होते. पुढच्या इंजिनात आत घेण्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. म्हणून उंच बॉनेटखाली बुटके इंजिन दिसले तर खुशाल समजावे की कोणीतरी इंजिन बदलले आहे. प्लग आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आणि डिझेल पंप असेल तर इंजिन डिझेलचे. पण एवढ्यावरून ते बदललेलेच, असे म्हणता येत नाही, कारण पुढे कारखान्यातूनही डिझेल जीपगाड्या निघू लागल्या. तेव्हा गाडीचे साल आणि कागद यांच्याशी ताळा घ्यावा.

सर्वांत सोपी परीक्षा पान्ह्याची. मूळ विलीजचे नट-बोल्ट इंची मापाचे. अर्धा इंच, नऊ सोळांश अशा पान्ह्यांनी सुटणारे. तेरा नंबरचा किंवा सतरा नंबरचा पान्हा जिथे घट्ट बसतो, तिथे बहुधा मागाहूनचा हात फिरलेला असतो.

रंगही बोलतो. बाहेरून नवा रंग मारणे सोपे; पण डॅशबोर्डच्या मागे आणि बिजागऱ्यांच्या खाली जुने थर शिल्लक राहतात. सर्वांगाखाली लष्करी हिरवा आणि एकाच मडगार्डखाली निळा निघाला, तर ते मडगार्ड पाहुणे आहे. झीजही तपासावी. एकत्र जन्मलेले भाग एकत्रच म्हातारे होतात; पेडल झिजून गुळगुळीत आणि मीटरचा आकडा मात्र लहान, असे असले तर मीटर बदललेला असावा.

पण कोणत्याही एका खुणेवर निकाल देऊ नये. पोथीचा पाठ ठरवताना जशा अनेक प्रती समोर ठेवतात, तशा अनेक खुणा जुळवाव्या लागतात.

या साऱ्याचे मोल मला एका व्यवहारात कळले. आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी मुलाच्या बागेसाठी जीप घेणार होते. विकणाऱ्याने ती ‘अस्सल युद्धातली’ म्हणून सांगितली होती आणि किंमतही तशीच लावली होती. गुरुजींच्या फंडाच्या पैशांतला मोठा वाटा त्यात जाणार होता. मामांनी गाडी पाहिली. चासी फोर्डची, म्हणजे खरोखरच युद्धकालीन. बॉडी मात्र उंच बॉनेटची, सात फटींची, फाळक्याची. इंजिन डिझेलचे आणि त्याचे बोल्ट तेरा नंबरने सुटणारे. आर.सी. बुकात चासी नंबर जुळला. इंजिन नंबर जुळेना आणि इंधनापुढे ‘पेट्रोल’ लिहिलेले!

मामा म्हणाले, “गुरुजी, गाडी चालायला चांगली आहे. पण हिच्यातली चासी तेवढी युद्धातली. बाकी सारे मागाहूनचे. आणि इंजिनाची नोंद झाल्याशिवाय पैसे देऊ नका.”

हा सल्ला महत्त्वाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यासारख्या फेरफाराला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्या वेळी न जुळणारा नंबर नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. गुरुजींनी थांबायचे ठरवले. विकणाऱ्याने नोंद करून आणल्यावर, कामाच्या गाडीची जी किंमत होते तेवढीच देऊन त्यांनी जीप घेतली.

याचा अर्थ बदललेला भाग म्हणजे लबाडी, असा मुळीच नव्हे. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा आपल्या मिस्त्रींनी जे हाती आले ते बसवून या गाड्या शेतावर आणि घाटात चालत्या ठेवल्या. बदल करणे हा दोष नाही. बदल लपवून मूळचा भाव मागणे हा दोष आहे. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने एक वही ठेवावी : कोणता भाग, कधी, कशामुळे बदलला. उतरवलेला मूळ भाग शक्य तर भंगारात न घालता जपून ठेवावा. पुढे ती गाडी तपासणाऱ्याला मग तर्क लढवावे लागणार नाहीत. वही उघडली की पुरे.