नैतिक हक्क आणि कायदा : चवदार तळ्याचा दाखला

‘हक्क’ हा शब्द शासकीय व्यवहारात बहुधा कायद्याच्याच अर्थाने वापरला जातो. अधिनियमाचे कलम, शासन निर्णय किंवा सातबाऱ्यावरील नोंद दाखविता आली म्हणजे हक्क सिद्ध झाला, असे मानण्याची कार्यालयीन रीत आहे आणि रोजच्या कामापुरती ती योग्यही आहे. परंतु असा कोणताही कागद हाती नसताना, किंबहुना कागद विरुद्ध असतानाही, ‘हा आमचा हक्क आहे’ असे माणसे म्हणत आली आहेत. अशा हक्कास राज्यशास्त्रात नैतिक हक्क अशी संज्ञा आहे. (लेखकाचे आपल्या कृतीशी असलेले नाते जपणाऱ्या अधिकारांनाही प्रताधिकाराच्या कायद्यात हेच नाव दिले जाते, तो विषय निराळा.)

जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांवरील माणसाचा हक्क राज्यसंस्थेच्या आधीचा असून त्याच्या रक्षणासाठीच राज्य निर्माण झाले, असे प्रतिपादन इंग्लंडमधील जॉन लॉक याने सतराव्या शतकात केले. थॉमस पेन याने पुढील शतकात ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथात माणसाच्या जन्मजात हक्कांची बाजू मांडली. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांवर पेनच्या लिखाणाचा प्रभाव होता. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तो स्पष्ट दिसतो. याउलट जेरेमी बेंथॅम याने फ्रान्समधील १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर कडाडून टीका केली. हक्क हे कायद्याचे अपत्य होय. हक्क असावा असे वाटणे आणि तो असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

या वादाची कसोटी पाहण्यास महाडच्या चवदार तळ्याइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. इतर धर्मांच्या लोकांना तेथे मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि शेणमूत्रादिकांच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

पुढील घटना अधिक विचारार्ह आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. पाणी घेण्याचा हक्क जर ठरावानेच निर्माण झाला असता, तर ठराव रद्द होताच तो संपुष्टात यावयास हवा होता आणि ज्यांचा हक्क गेला त्यांनी मुकाट्याने घरी बसावयास हवे होते. तसे घडले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली. कागद गेला तरी मागणीचा आधार जागच्या जागी होता. बेंथॅमच्या उपपत्तीने या गोष्टीचा उलगडा होत नाही.

मात्र त्याची एक शंका सहज डावलता येण्यासारखी नाही. कोणीही उठून आपल्या इच्छेला नैतिक हक्क म्हणू लागला, तर निवाडा कसा करावयाचा? महाडात तर दोन्ही पक्ष हक्काचीच भाषा बोलत होते. इतरांस तळ्यापासून दूर ठेवण्याचा आपला परंपरागत अधिकार आहे, असे म्हणत वादींनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूमही मिळविला. येथे दोन्ही दाव्यांतील भेद पाहावा लागतो. पाणी पिण्याचा हक्क गावातील प्रत्येकास सारख्याच प्रमाणात देता येतो. एकाने घेतल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. दुसऱ्यास वगळण्याचा ‘हक्क’ मात्र सर्वांना देता येतच नाही, कारण कोणीतरी वगळला गेल्याशिवाय तो अस्तित्वातच येत नाही. वडिलोपार्जित असणे हा या दोषावर उतारा नव्हे.

न्यायालयाने दाव्याचा निकाल या मुद्द्यावर दिला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. खालच्या न्यायालयांत अपयश आल्यावर वादी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च १९३७ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले ते, त्यांनी सांगितलेली अनादि कालापासूनची प्रथा पुराव्याने शाबीत झाली नाही म्हणून. जय मिळाला, पण तो पुराव्याच्या उणिवेवर मिळाला. समजा, वादींनी जुनी दप्तरे धुंडाळून ती प्रथा शाबीत केली असती, तर? निकाल कदाचित उलट लागला असता. तहानलेल्या माणसाचा नैतिक हक्क मात्र तसूभरही कमी झाला नसता. ही तफावत भरून काढली ती १९५० च्या संविधानाने. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे.

नैतिक हक्कापाशी एक वैगुण्य असतेच. त्याच्या पूर्तीचे कर्तव्य नेमके कोणावर, हे तो सांगत नाही. अमुक एका माणसाला पाण्यापासून अडवू नये, हे कर्तव्य सर्वांचे आहे असे म्हणून भागते. पण ज्या हक्कासाठी कोणीतरी काही उभारून द्यावे लागते, तेथे ‘सर्वांचे कर्तव्य’ म्हणजे बहुधा कोणाचेच नाही. शिक्षणाचा हक्क या प्रकारातला. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली. नामदार गोखले यांचे १९११ चे विधेयक नामंजूर झाले. संविधानाने प्रारंभी हा विषय मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला आणि २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मधली १२८ वर्षे मुलाचा हक्क नव्हता असे कोण म्हणेल? परंतु शाळेत न जाणाऱ्या मुलाविषयी जाब कोणाला विचारावा, याचे उत्तर नव्हते. अधिनियमाने ते दिले. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे कर्तव्य त्यात स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर पडलेल्या झोपड्यांतील मुलांची नावे त्या नोंदवहीत येतात किंवा राहून जातात.